गावच्या पाटीवर आकडा आहे, नावं कुठं आहेत?

ऑगस्ट २०२३ मध्ये 'माझी माती, माझा देश' अभियानात गावोगावच्या ग्रामपंचायतींनी शिलाफलक बसवले. गावातले स्वातंत्र्यसैनिक, कामी आलेले जवान, कर्तव्यावर असताना गेलेले पोलीस, अशांची नावं त्यावर घालायची होती. यादी करायला बसलं की पहिला प्रश्न हाच येतो की मागं कुठवर जायचं. कारगिलपर्यंत नावं पटापट निघतात. १९७१, १९६५ सालचीही घरोघरी विचारून मिळतात. त्याच्या मागं गेलं की एकदम अंधार.

गंमत म्हणजे त्या अंधारातली एक वस्तू कित्येक गावांत आपल्या डोळ्यांसमोरच असते. सातारा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतल्या काही गावांमध्ये चावडीच्या भिंतीत, शाळेच्या ओट्यावर किंवा देवळाशेजारी एक जुनी दगडी पाटी बसवलेली दिसते. मजकूर ठरावीक असतो: या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. संपलं. सातारा तालुक्यातलं आपशिंगे, म्हणजे आज सगळे ज्याला 'आपशिंगे मिलिटरी' म्हणतात ते गाव, याच युद्धामुळं नावारूपाला आलं. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले. हा आकडा गावात कुणीही सांगेल. पण ते ४६ जण कोण, असं विचारलं तर?

ही पाटी नीट कशी वाचायची, तिच्यावर नावं का नाहीत आणि ती आज मिळू शकतात का, हे समजून घेऊ.

पट आणि हजर

मराठी शाळेत शिकलेल्यांना वर्गाच्या फळ्याचा कोपरा आठवत असेल. रोज सकाळी तिथं लिहिलेलं असायचं: पट ४२, हजर ३७. साहेब तपासणीला आले की त्यांना एवढंच पुरायचं. वर्गात कोण गैरहजर आहे, हे बघायला मात्र गुरुजींच्या टेबलावरची हजेरी उघडावी लागायची.

महायुद्धाची पाटी म्हणजे फळ्याचा तो कोपरा. किती गेले, किती परतले नाहीत, एवढंच ती सांगते. युद्ध संपल्यावर ज्या गावांनी बऱ्यापैकी माणसं पुरवली, तिथं तेव्हाच्या सरकारनं अशा पाट्या बसवल्या. हेतू उघड होता. गावाचा मान झाला आणि पुढच्या भरतीची सोयही झाली. नावं घालायची तर प्रत्येक गावासाठी वेगळी यादी, वेगळं कोरीव काम आणि मोडीतून इंग्रजीत जाताना होणारी नावांची मोडतोड. आकडा स्वस्त पडतो.

हजेरीपट मात्र होता. तो गावात नव्हता, इतकंच.

१९१४ ते १९१९ हे काय गणित?

शाळेत आपण पहिलं महायुद्ध १९१४ ते १९१८ असं पाठ केलं. तोफा थांबल्या ११ नोव्हेंबर १९१८ ला, हे खरं. पण तो युद्धविराम होता. व्हर्सायचा तह २८ जून १९१९ ला झाला. म्हणून तेव्हाच्या विजयपदकावर आणि आपल्या पाट्यांवरही १९१९ येतं.

मृतांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा हिशेब आणखी पुढं जातो. ब्रिटिश साम्राज्यातल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळायला १९१७ मध्ये एक आयोग नेमला गेला. आज त्याचं नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन. पुढं मी नुसतं 'आयोग' म्हणेन. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात सैन्यसेवेत असताना मरण आलेला प्रत्येक माणूस आयोगाच्या लेखी पहिल्या महायुद्धाचा मृत. दुसऱ्या महायुद्धासाठी ही मुदत ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ आहे.

म्हणजे पणजोबा १९२० साली छावणीत तापानं गेले असतील तरी ते या यादीत असू शकतात. 'लढाई तर आधीच संपली होती' म्हणून शोध सोडू नका.

ते गेले कुठं?

महायुद्ध म्हटलं की फ्रान्समधले चिखलाचे खंदक डोळ्यांसमोर येतात. मराठा पलटणींची गोष्ट मात्र मुख्यतः मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकची. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये होत्या. ही डिव्हिजन बसऱ्याहून टायग्रिसच्या काठानं बगदादच्या दिशेनं वर सरकली, मार खाऊन मागं आली आणि डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा या गावात तुर्की सैन्याच्या वेढ्यात सापडली.

वेढा १४७ दिवस चालला. धान्य संपत आलं तसे घोडे कापून खायला सुरुवात झाली. बरेचसे हिंदी शिपाई शेवटच्या दिवसांपर्यंत ते मांस तोंडात घालायला तयार नव्हते. पुन्हा गावी जायचं होतं आणि तिथं जातभाईंना तोंड दाखवायचं होतं. भाजीपाला नाही, फळ नाही, त्यामुळं हिरड्या सुजून रक्त येणारा स्कर्व्ही पसरला. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० माणसं शरण गेली. पुढं कैदेतल्या पायपिटीत आणि छावण्यांत त्यांच्यातली कित्येक गेली. या माणसांपैकी बरीच सातारा, कोल्हापूर, पुणे, रत्नागिरी या पट्ट्यातली होती, कारण या पलटणींत देशावरचे मराठे, कोकणी मराठे आणि दख्खनी मुसलमान भरले जायचे.

एकेका गावातून इतकी माणसं गेली, त्यामागं भरतीची ही पद्धत आहे. इंग्रजांनी ठरावीक जातींना 'लढाऊ' ठरवलं होतं, आणि सुट्टीवर आलेला शिपाई भावकीतली पोरं घेऊन परत जायचा. शिपायाचा पगार महिना ११ रुपये. डोंगरउतारावरच्या दोन-चार एकरांत भावांच्या वाटण्या झाल्यावर उरणाऱ्या पिकाकडं बघितलं की हे ११ रुपये किती मोठे वाटत असतील, ते कळतं.

हजेरीपट कुठं आहे?

आता गुंत्याचा भाग.

कुतमध्ये किंवा टायग्रिसच्या काठावर मेलेल्या आणि कबर किंवा दहनाची जागा ठाऊक नसलेल्या माणसांसाठी बसऱ्याला १९२९ मध्ये मोठं स्मारक उभं राहिलं. तिथं ४०,५०० हून अधिक मृतांचं स्मरण आहे. 'प्रत्येक मृताचं नाव घ्यायचं, हुद्दा, वंश, धर्म यांवरून भेद करायचा नाही' हे आयोगाचं मूळ तत्त्व. बसऱ्याच्या भिंतीवर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचं काय? पलटणीचं नाव आणि त्याखाली मृतांची संख्या.

म्हणजे गावात आकडा आणि बसऱ्यालाही आकडाच. फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर हिंदी सैनिकांची ४,७०० हून अधिक नावं कोरलेली आहेत, त्यांत साधे शिपाईही आहेत. युरोपात जमलं ते इराकमध्ये जमलं नाही, याचं कारण दगडाची टंचाई नक्कीच नव्हे. एप्रिल २०२१ मध्ये आयोगानंच एक अहवाल काढून कबूल केलं की आशियाई आणि आफ्रिकी मृतांना असमान वागणूक दिली गेली आणि त्यामागं तेव्हाचे साम्राज्यवादी, वंशवादी पूर्वग्रह होते. किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत लोकांचं नावानिशी स्मरण झालेलं नाही, किंवा झालेलंच नाही, असा त्या अहवालाचा अंदाज आहे. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी तिथल्या संसदेत माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना.

'पण इंडिया गेटवर नावं आहेत ना?' हा प्रश्न हमखास येतो. आहेत, १३,००० च्या वर आहेत. ती प्रामुख्यानं वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात गेलेल्यांची. पहिल्या महायुद्धात हिंदी सैन्यातले सुमारे ७४,००० जण मेले, हे लक्षात घेतलं की १३,००० चा आकडा किती अपुरा आहे ते दिसतं. त्याच्या शेजारचं राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९ मध्ये झालं. तिथं ग्रॅनाइटवर एकूणएक नाव कोरलं आहे, पण स्वातंत्र्यानंतरच्या सैनिकांचं.

तेव्हा कुतला गेलेल्या साताऱ्याच्या शिपायाचा हिशेब मांडून बघा. राष्ट्रीय युद्ध स्मारकावर तो बसत नाही, इंडिया गेटवर तो नाही, बसऱ्याला तो संख्येत आहे आणि गावातही संख्येतच.

त्याचं नाव आयोगाच्या कागदी नोंदवह्यांत मात्र होतं. त्या नोंदी आता आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट शोधता येतात. हजेरीपट आहे तो हा.

आपल्याकडं आधी काय पद्धत होती?

युद्धात मेलेल्यांची आठवण दगडात ठेवायची कल्पना इंग्रजांनी आणली, असं मुळीच नाही. गावाच्या वेशीवर किंवा महादेवाच्या देवळाबाहेर शेंदूर फासलेले उभे दगड असतात, ते वीरगळ. खालच्या चौकटीत लढाई किंवा गुरं पळवणाऱ्यांशी झुंज, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेताहेत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतोय आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर समुद्रातली लढाई, वल्ह्यांची जहाजं कोरलेली आहेत.

बहुतेक वीरगळांवर नाव नाही. ज्या गावानं तो उभा केला त्या गावाला लिहायची गरजच वाटली नसेल, कारण तो कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. दोन-चार पिढ्यांनी ते पुसलं जातं आणि दगडाचा देव होतो. आज त्याला नारळ फुटतो, पण तो कुणाचा आजा ते कुणी सांगू शकत नाही.

घरातली आठवण त्याहून चिवट निघाली. देव्हाऱ्यातल्या टाकांमध्ये काही घरांत एक 'वीर' असतो. नाशकात धुळवडीला घरोघरचे वीर वाजतगाजत गोदाकाठी नेतात. तिथं आजही पोराला सांगितलं जातं की हा आपल्या घरचा.

आणि नावं कोरायची म्हटली तर कोरता येत होती. भीमा कोरेगावच्या १८१८ च्या लढाईचा स्तंभ घ्या. त्यावर कंपनीच्या फौजेतल्या मृत शिपायांची नावं आहेत आणि त्यांतली २२ 'नाक' या महारांच्या नावांतल्या प्रत्ययानं संपतात. त्या नावांमुळंच तो स्तंभ पुढं एका समाजाच्या आत्मसन्मानाची जागा झाला. डॉ. आंबेडकर १ जानेवारी १९२७ ला तिथं गेले, ते नावं होती म्हणूनच. तिथं नुसती बेरीज असती तर कुणी कशाला ओळखलं असतं?

'इंग्रजांसाठी मेले. त्यांचं आपण काय म्हणून स्मरण करायचं?'

हा आक्षेप रास्त आहे, टाळण्यासारखा नाही. ज्या फौजेत ते होते तिनंच देश ताब्यात ठेवला होता.

पण तेव्हाच्या पुढाऱ्यांना तरी हा प्रश्न इतका सोपा होता का? १९१८ च्या उन्हाळ्यात गांधीजी खेडा जिल्ह्यात फिरून सैन्यभरतीसाठी माणसं मागत होते. टिळकांचाही भरतीला सरसकट विरोध नव्हता. त्या बदल्यात स्वराज्य मिळालं पाहिजे, ही त्यांची अट होती. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत गव्हर्नर विलिंग्डननं त्यांना ते बोलू दिलं नाही, तेव्हा ते सभा सोडून निघून गेले. ज्यांना आपण देशभक्तीचे मापदंड मानतो त्यांनाच हा हिशेब सुटत नव्हता, तिथं ११ रुपयांसाठी बोटीवर चढलेल्या विशीतल्या पोराकडून आपण कसलं उत्तर मागतोय?

माझं मत असं की स्मरण म्हणजे गौरवच असं धरल्यामुळं हा घोटाळा होतो. बारशाला, लग्नाला, सुतकाला आपण माणूस मोजतो, त्याच्या मालकाचं राजकारण विचारत नाही. गावचा माणूस कुठं गेला आणि का परतला नाही, याची नोंद ठेवायला त्या युद्धाचं समर्थन करावं लागत नाही. शिलाफलकावर त्यांची नावं घालायची की वेगळी पाटी लावायची, हे गावानं ठरवावं. मी वेगळ्या पाटीच्या बाजूचा आहे. १९७१ चा जवान आणि १९१६ चा शिपाई एकाच यादीत कोंबले तर दोघांचीही गोष्ट धूसर होते.

'तापानं मेला तो शहीद कसा?'

आधी शब्दाचं बघू. 'शहीद' हा लोकांचा शब्द आहे. लष्कराच्या कागदांत त्याची अधिकृत व्याख्या नाही, तिथं 'बॅटल कॅज्युअल्टी' अशी नोंद होते. त्यामुळं पाटीवर कोणता शब्द घालायचा यावरून भांडण लागलं तर नियमाचा आधार शोधू नका. मराठीत 'कामी आले' हा जुना, सभ्य आणि अचूक शब्दप्रयोग आहेच.

दुसरं, मेसोपोटेमियात पटकी, हगवण आणि उष्माघातानं माणसं ढिगानं गेली. गोळी लागलेलेच मोजायचे ठरवलं तर पाटीवरचा आकडा कधीच जुळणार नाही.

पाटीत न मावलेले

पलटणीबरोबर पाणी वाहणारे, खेचरं हाकणारे, स्वयंपाकी, झाडूवाले, डोलीवाले जायचे. त्यांना 'फॉलोअर' म्हणत. गावच्या पाटीवरच्या 'गेलेल्यांत' ते धरलेत का, हे पाटीवरून कळत नाही. १९१७ मध्ये उभी राहिलेली आणि १९२१ मध्ये मोडलेली १११ महार ही पलटणही पुष्कळांच्या आठवणीतून निसटली आहे. गावात शोध सुरू कराल तेव्हा सगळ्या आळ्यांतून विचारा.

कोकणात आणखी एक वर्ग आहे, बोटींवरचे खलाशी. महायुद्धात जहाजांबरोबर बुडालेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचं स्मारक मुंबईत मस्जिद बंदरला आहे. ते सैनिक नव्हते, म्हणून गावच्या पाटीवर बहुधा नसतील.

मग शोधायचं कसं?

सुरुवात घरापासून करा. जुन्या ट्रंकेत, देव्हाऱ्याखाली तळहाताएवढी, सुमारे १२ सेंटिमीटरची काशाची चकती सापडते का बघा. त्यावर त्रिशूळ घेतलेली बाई, सिंह आणि एक नाव असतं. पहिल्या महायुद्धात गेलेल्याच्या वारसाला ती मिळायची. सगळे मृत सारखे म्हणून त्यावर हुद्दा मुद्दाम घातलेला नाही. पदक सापडलं तर त्याची कड भिंगाखाली धरा, तिथं नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरात असते. मुख्य युद्धपदक शिपायाला चांदीचं आणि फॉलोअरला काशाचं मिळे. चांदीचं बहुधा कुठल्या तरी दुष्काळात सोनाराकडं गेलेलं असणार. काशाचं राहिलं असण्याची शक्यता जास्त, हा नशिबाचा उलटा न्याय.

मग आयोगाच्या संकेतस्थळावर जा. नुसतं आडनाव टाकलं तर हजारो नावं येतील, त्यांत बुडू नका. पलटण, साल आणि 'सातारा' किंवा 'रत्नागिरी' असा जिल्हा धरून गाळा. अनेक नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. स्पेलिंगवर विश्वास ठेवू नका. सावंत तीन प्रकारे लिहिलेला सापडेल, वाडीचं नाव तर ओळखूच येणार नाही. इंग्रजी अक्षरं मोठ्यानं वाचा, एखाद्या गोऱ्या कारकुनानं ऐकून लिहिल्यासारखी. कान लवकर ओळखतो.

मिळालेली नावं गावाच्या कागदांशी ताडून बघा. जमीन नावावर असेल तर मृत्यूनंतर वारसाची नोंद झालेली असते, त्यामुळं त्या काळचे फेरफार उपयोगी पडतात. कोतवाल बुकं हल्ली सगळ्यांना जातीच्या नोंदींमुळं माहीत झाली आहेत. पण परमुलखात मेलेल्याची नोंद तिथं असेलच असं नाही. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी, म्हणजे गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी सांगणारे, अजून येत असतील तर त्यांना बसवून घ्या. त्यांच्या वंशावळीत 'लढाईत गेला, पुढं वंश नाही' अशी जागा सापडू शकते. पेन्शनची आठवण आज्यांकडं असते. 'पणजीला पोस्टातून पैसे यायचे' एवढं एक वाक्यही धागा म्हणून पुरतं.

आकडा जुळेलच असं नाही. पाटीवर दहा आणि तुम्हाला सापडले सात, असं झालं तर सातच लिहा. नावाची जागा भरायला अंदाज चालत नाही.

जुन्या पाटीला मात्र हात लावू नका. संगमरवर ऍसिडनं विरघळतो, त्यामुळं फरशी पुसायचं ऍसिड लावून 'स्वच्छ' केलेली पाटी कायमची बोथट होते. तिच्यावर ऑइलपेंट फासू नका, रिकाम्या जागेत नवी नावं कोरू नका. नव्या नावांची पाटी शेजारी लावा, आणि ती लावण्याआधी यादी एकदा ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. नावं चुकली असतील तर तिथंच कुणीतरी उठून दुरुस्त करील: 'धोंडी नव्हे, धोंडिबा. आणि तो खालच्या आळीतला नव्हता, वरच्या वाडीतला.'